एक जागा रिकामी

नाही हो, तुमचं काही चुकलेलं नाही. फोन बरोबरच सांगतोय — ‘वाहनतळ, एक जागा रिकामी’ — असंच लिहिलंय ना? मग हेच ते ठिकाण. समोर झाडं दिसतायत ती खरीच आहेत, पण फोनला ते ठाऊक नाही. गाडी राहू दे तिथेच फाटकात, इथे आत या केबिनमध्ये, ही खुर्ची घ्या, ती दुसरी डुगडुगते. गाल केवढा सुजलाय — दाढ ना? बोलू नका, मी ओळखलं. दातांचा डॉक्टर समोरच्याच इमारतीत आहे, पण तो जेवून आल्याशिवाय दार उघडत नाही, तोवर बसा. माझा भाऊ येईलच एवढ्यात. गाडीचा आवाज ऐकला की तो येतो, तुमच्याशी भांडायला. घाबरू नका, मारत नाही, नुसता समजावून सांगतो, पण फार वेळ सांगतो.

तुमच्या फोनमध्ये ते जे आहे ना, जागा दाखवणारं, ते त्यानंच काढलं. हो, त्यानंच — तो पेपरात यायचा तो. घरात आम्ही त्याला बटण्या म्हणायचो, दिसलं बटण की दाबायचं, लिफ्टचं असो, मिक्सरचं असो, पाहुण्यांच्या कोटाचं असो. आमच्या वडिलांकडे एक जुनी मोटार होती, आणि सिनेमाला गेलं की वडील ती लावायला जागा शोधत गोल गोल फिरायचे, आम्ही सगळे आत बसून, आई म्हणायची मुलांना उतरवू या का, वडील म्हणायचे सगळे मिळूनच जायचं. त्यामुळे आम्ही लहानपणी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. नायिका का रडते ते आम्हाला कधी कळलंच नाही, आम्ही गेलो की ती रडतच असायची. ते त्याच्या मनात बसलं. मोठा झाल्यावर त्यानं गावातल्या प्रत्येक वाहनतळावर खांब उभारले, खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यानं गाड्या मोजायच्या आणि फोनला सांगायचं, इथे रिकामी, तिथे भरलेली. चाललं ते, धो धो चाललं. मी तेव्हा लाँड्रीत इस्त्रीला होते, माझी मालकीण म्हणायची तुझ्या भावाच्या कृपेनं मी वेळेवर येते, आणि मग उशिरा आल्याबद्दल मलाच बोलायची.

मग त्याचे डोळे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाला, हिरवं बघत जा. हा म्हणाला, दिवसभर हिरवंच बघतो — खोटं नव्हतं, ऑफिसात भिंतीएवढा पडदा होता आणि रिकामी जागा म्हणजे हिरवा ठिपका. डॉक्टर हसला असेल. पण ह्याला कुठे हसायला येतं. हा पडद्यावर सगळ्यात मोठा हिरवा डाग कुठे आहे तो बघून, डबा घेऊन तिथे गेला, म्हणजे इथेच. दोनशे गाड्यांचं डांबर. भर उन्हात डांबरावर बसून जेवला, बुड भाजलं, घरी आला आणि मला म्हणाला, “ताई, ते हिरवं नाहीये गं.” एवढंच. मी म्हटलं औषध लाव. त्यानं कंपनी विकली, ही जागा घेतली, डांबर उखडलं आणि झाडं लावली. लोकांनी हार घातले, भाषणं केली, पर्यावरणाचा कैवारी म्हणाले. बायको मात्र म्हणाली, मी माणसाशी लग्न केलंय, रोपवाटिकेशी नाही, आणि आईकडे गेली. अजून फोन करते मला. बरी आहे.

आता गंमत बघा. झाडं लावली, पण खांब राहिला. खांब कंपनीचा, कंपनी परक्यांची. आणि कॅमेरा काय मोजणार — गाड्या. गाडी एकही नाही. म्हणजे दोनशे जागा रिकाम्या, कायमच्या. गावात कुठेच जागा नसायची आणि इथे मात्र सदान्‌कदा दोनशे, मग सगळं गाव इथे. रोपांवरून चाकं. हा धावत कंपनीत गेला, म्हणाला तिथे जंगल आहे हो, नोंद काढा. ते म्हणाले, साहेब, तुम्हीच नियम केलाय, माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, कॅमेऱ्यावर ठेवायचा. ह्याच्याच सहीचा नियम. तरी बिचारे खांब काढायला आले एकदा — तर खांबावर घारीनं घरटं केलेलं, आत पिल्लं, आणि हा खांबाला मिठी मारून उभा, हात लावू देईना. ते परत गेले. चांगली माणसं होती, चहा घेतला माझ्याकडे.

मग त्याच्या डोक्यात आलं, जागा भरूनच टाकू. भंगारवाल्याकडून दोनशे मोडक्या गाड्या आणल्या, रांगेत लावल्या, फोनवर लागलं ‘जागा नाही’. झालं, शांत. पण झाडं कुठे वाढणार? सगळीकडे गाड्या. म्हणून त्यानं गाड्यांचे टप कापले, आत माती भरली आणि प्रत्येक गाडीत एक झाड लावलं, चालकाच्या जागेवर. ते दिसतंय ना, शेवग्याएवढं झालंय, ते टॅक्सीत आहे. आता झाड वाढलं की गाडी पानांखाली झाकली जाते, कॅमेऱ्याला दिसत नाही, तो म्हणतो एक जागा रिकामी — आणि कुणीतरी येतं. म्हणून हा दिवसभर शिडी घेऊन झाडं छाटत फिरतो. झाडं वाचवायला आलेला माणूस, हो. बक्षीस द्यायला एक बाई आल्या होत्या, त्यांनी विचारलं हे काय करताय, तर म्हणाला वाढ रोखतोय. त्या बक्षीस परत घेऊन गेल्या.

इतकं नीट छाटतो की कुणी येईनासंच झालं. महिनेच्या महिने. तुम्हाला वाटेल बरं झालं. मलाही वाटलं. पण तो आत त्या मोडक्या टेम्पोत झोपतो, मी इथे, हाकेच्या अंतरावर, आणि काही लागलं तर तो मला फोन करतो. “ताई, मीठ आहे का?” मी म्हणते ये की घ्यायला. म्हणतो, दाराशी ठेव. आधी गाड्या यायच्या तेव्हा तो बाहेर यायचा, भांडायचा, भांडून घसा सुकला की इथे बसायचा, ह्याच खुर्चीत, मी दोन बटाटे पुढे ठेवले की खायचा. केस किती वाढलेत ते तरी दिसायचं. आता पायरी झिजेल इतकं मी एकटीच दारात बसते. म्हणून तो भोपळ्याचा वेल मी — वेल आपोआपच उगवतो हो, बी कुठेही पडतं. निळ्या गाडीवर चढला, कारण निळी गाडी माझ्या खिडकीजवळ आहे, आणि पाणी मी ओतते ते भांड्यांचं असतं, कुठेतरी ओतायलाच हवं ना. गाडी झाकली गेली त्याला मी काय करू. असं बघू नका माझ्याकडे, तुमची दाढ मी नाही दुखवली.

थांबा, पावलं वाजली. आला. तुम्ही जरा तावातावानं भांडा हं, लगेच माफी मागू नका — अहो हो, तुम्हाला बोलता येत नाही, विसरलेच मी. नुसतं डोकं हलवा, नाही नाही करत.

ये रे. हे बघ, हे आले आहेत, फोन बघून. बटाटे गरम आहेत. काखेत काय ते? भोपळा? कुठला? निळ्या गाडीवरचा… खाली मऊ गवत चिकटलंय, ते कुणी घातलं होतं त्याला? डाग नाही पडलेला एकही.

तू रोज कात्री घेऊन तिथूनच जातोस की.

अहो, डॉक्टर आला असेल तुमचा. जा तुम्ही आता.