खिळ्यावरची कात्री

हॅलो?… हो, मीच. बोल ताई… नाही गं, रडत नाहीये. तोंडात टाचण्या होत्या, थांब, काढून ठेवते… हं. आता बोल.

… काल रडले तेवढं पुरे झालं. आज हलकं वाटतंय. ओला पडदा वाळून दोरीवर भुरुभुरू उडतो ना, तसं.

… नाही, मास्तर अजून नाही आले. खिळा रिकामाच आहे.

… अगं हो, माहितीये मला साडेतीन वाजलेत. ‘तीनपर्यंत आलो तर आलो’ म्हणाले होते. तू नको ना घड्याळ सांगूस. माझी मान आधीच त्या भिंतीकडे वळून वळून दुखायला लागली आहे. आईच्या वेळेपासून ती कात्री तिथे. रोज काम संपलं की पुसायची, तेलाचं एक बोट फिरवायचं, नि खिळ्याला टांगायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. आणि कटिंगवाला कात्री घरी नेतो तो एकदाच, काम सोडताना… हो ना. काल त्यांनी फडक्यात गुंडाळली नि काखेत धरून चालायला लागले. मशीनवरच्या दोघींचे पाय जागच्या जागी थांबले. आता ती भिंत कशी दिसते सांगू? समोरचा दात पडलेल्या माणसासारखी.

… गेले होते मी त्यांच्या घरी. सकाळी सातलाच गेले. तू सांगितलंस तस्सं. त्यांचा चहा संपेपर्यंत तोंड उघडलं नाही… खरंच नाही उघडलं. हसू नकोस. मला काय झालं असेल विचार कर. आणि मास्तरांचा चहा म्हणजे तुला ठाऊक आहे, बशीत ओतणार, फुंकणार, खिडकीबाहेर बघणार, परत फुंकणार. माझ्या जिभेला मुंग्या आल्या.

… मग ते उठले, आतून एक बिस्किटांचा डबा घेऊन आले. उघडला नि जमिनीवर पालथा केला. ताई, सगळ्या माझ्या चिठ्ठ्या. लाल. तीन महिन्यांच्या. कापडाला टाचून देते ना मी, त्या… हो, घाईच्या कामाला लाल, बाकीच्यांना पांढरी, असंच ठरलं होतं. आधी आठवड्यातून एखादी लाल असायची. मग मी दिवसभर फोनवर, ज्याला त्याला ‘हो, हो, देते उद्या’, नि इकडे लाल चिठ्ठी टाच. पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच पडून आहे, वरच्या कागदावर धूळ बसलीय. मास्तर म्हणाले, ‘बाई, सगळ्याच लाल, मग यात घाई नक्की कुणाची?’

… ऐक ना, पुढे ऐक. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. मग म्हणाले, ‘यातली एक चिठ्ठी दाखवा, जिच्यावर मास्तर असं लिहिलंय.’

… नव्हती गं. एकही नव्हती. मी गुडघ्यावर बसून सगळ्या उलट्यासुलट्या केल्या. ‘आज.’ ‘आत्ता.’ ‘आधी हे.’ ‘कालचं थांबवा.’ दुकानात आम्ही दोघं दहा पावलांवर उभे असतो, आणि तीन महिन्यांत मी त्या माणसाशी बोललेच नव्हते.

… हो, वसतिगृहाच्या पडद्यांचं पण निघालं. निघायचंच ना. भांडण त्यावरूनच तर झालं. चाळीस खिडक्या, त्यातले बारा पडदे वीतभर आखूड कापले गेले. का कापले गेले? कारण मी जुन्या मापाच्या चिठ्ठीवरच नव्या मापाची चिठ्ठी टाचली, आणि वरची कुठेतरी गळून पडली. चूक माझी. पण काल सगळ्यांसमोर मी काय म्हणाले, ते तुला फोनवर सांगितलं नव्हतं… नाही, नव्हतं सांगितलं. लाज वाटली. मी म्हणाले, ‘मास्तर, तुम्हाला आता नीट दिसत नाही का?’

…

… हं. आहे मी. फोन चालू आहे.

… माहितीये गं. ज्यानं मला सुईत दोरा ओवायला शिकवलं त्याला म्हणाले.

… मागितली माफी. चहा संपल्यावर. लांबण नाही लावली, तू म्हणालीस तशी कारणं पण नाही दिली. चिठ्ठी मी टाचली, चूक माझी, बोलले ते वाईट बोलले, आणि ते मी त्या दोघींसमोर पुन्हा सांगेन. बस. मग गप्प बसले… नाही, ‘पण’ नाही म्हटलं. ओठावर आला होता, गिळला. तुझ्या त्या छोट्या व्यावसायिकांच्या वर्गातल्या वहीत पाच मुद्दे होते ना, मला एवढाच आठवला. आधी ऐक, आणि ‘पण’ गिळ… अगं बाई, बाकीचे चार नको सांगूस आत्ता. वही मिट. एका दिवसात एवढंच पचतं मला.

… काकूंनी अजून एक चहा ठेवला. मास्तर डब्यात चिठ्ठ्या भरत होते, एक एक, कडा सरळ करून. भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आखूड पडद्यांना खालून वेगळ्या रंगाची पट्टी लावली, तर मुद्दाम केल्यासारखं दिसेल.’ ताई, मला वाटलं आत्ता इथेच पाय धरावेत यांचे. रात्रभर माणूस रागावून पडला होता, पण पडला होता तो माझ्याच पडद्यांचा विचार करत.

… नाही ना, येतो असं नाही म्हणाले. मी विचारलं तर म्हणाले, ‘कात्रीचं मला ठरवू द्या. तीनपर्यंत आलो तर आलो.’ तिथेही मी ‘पण’ गिळला. दोन झाले.

… थांब हं ताई, कुणी तरी आलंय. ठेवू नकोस, धर… या, बसा… हो, होईल ना, बाह्या आखूड करायच्या? दाखवा… हं… आज संध्याकाळी?… आज नाही जमणार हो. खरंच नाही. हातात मोठं काम आहे… तुम्हाला लागणार कधी?… मुलाखत सोमवारी? मग शनिवारी घेऊन जा ना. शनिवारी नक्की, इस्त्री करून… हो… हो, घ्या ही पावती…

… ऐकलंस? ऐकलंस का तू? आठ वर्षांत पहिल्यांदा मी ‘आज नाही’ म्हणाले. आणि तो काय म्हणाला माहितीये, ‘शनिवार तर उत्तमच, आज म्हणालो ते उगीच सवयीनं.’ सवयीनं गं. त्याच्या सवयीची माझ्याकडे लाल चिठ्ठी झाली असती आणि मास्तरांचं जेवण राहिलं असतं. ‘लागणार कधी’, एवढे दोन शब्द मी कधी कुणाला विचारले नव्हते.

… वसतिगृहवाल्या बाईंना? त्यांनाही सांगितलं. मास्तरांकडून निघाले, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबले नि तिथूनच फोन लावला. दुकानात पोचले असते तर धीर गेला असता. म्हटलं, बाई, शुक्रवारी चाळीस पडदे नाही होणार. वीस होतील. बारा माझ्या चुकीनं आखूड कापले गेलेत, पट्टी लावून देते, आवडली नाही तर नवं कापड माझं. मला वाटलं, आता ऐकवणार. काम काढून घेणार. तीन महिने ज्या कामासाठी घर वाऱ्यावर सोडलं, ते गेलं.

… सुस्कारा ऐकू आला त्यांचा, एवढा लांब. म्हणाल्या, ‘अहो, वरच्या मजल्याचा रंगच अजून ओला आहे. रंगवाल्यानं दगा दिला. चार दिवस झाले, तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. तुम्ही एवढ्या घाईनं शिवताय म्हटल्यावर.’

… हो ना. मी पण गिरणीपाशी उभी राहून तश्शीच हसले. गिरणीवाला पीठ झाडायचं सोडून बघत राहिला. त्या तिकडे मला घाबरून गप्प, मी इकडे त्यांना घाबरून गप्प, आणि मधल्या मधे मास्तर रोज दिवे लागल्यावरही उभे राहून कापतायत. खालच्या मजल्याला वीसच खिडक्या आहेत. म्हणजे शुक्रवारी वीसच हवे होते… पट्टी निळी लावा म्हणाल्या. दारं निळी आहेत तिकडची.

… हो गं, दगडच उतरला छातीवरचा. पण अर्धाच. अर्धा त्या खिळ्यावर आहे अजून.

… चिमणी? शाळेतून येईल आता. अगं, हे पण तुला सांगायचं राहिलं. काल घरी गेले, हे म्हणाले ताट झाकून ठेवलंय. ताट उचललं, तर खाली लाल चिठ्ठी. माझीच, दुकानातली, दप्तरात घालून नेली असेल. तिच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं, ‘आई माझ्याशी बोल. अर्जंट.’

…

… आता तू नको रडूस. तू रडलीस की मला आवरत नाही.

… झोपली होती. उठवलं नाही. सकाळी वेणी घालताना बोललो. काय सांगायचं होतं तर, तिचा एक दात हलतोय. तीन दिवसांपासून हलतोय नि मला ठाऊक नव्हतं. मी बोट लावून बघितला. आज सहाला दुकान बंद. ठरलं. पाटीवर लिहून दाराला लावलंय, सहानंतर फोन घेणार नाही… गेलं एखादं गिऱ्हाईक तर जाऊ दे. दात पडेल तेव्हा मी तिथे हवी.

… आठवतंय की. न आठवायला काय झालं. आई मशीन चालवताना म्हणायची ते. तुला नि मला दोन्ही बाजूला बसवून…

सुईबाई सुईबाई, कशाची गं घाई,
मागून येतो दोरा, त्याला पाय नाही…

… हो, आणि तू मधेच म्हणायचीस, सुईला तरी कुठे पाय आहेत. तेव्हापासून तशीच आहेस तू, मुद्दे काढणारी… चिडवत नाहीये. तुझ्याच मुद्द्यानं आज तरले मी. बरं, तुझ्या रोपवाटिकेचं काय? माळीकाकांना सांगितलंस का, त्यांनी रोज दोनदा पाणी घालून गुलाब कुजवले ते?… का नाही?… वाईट वाटेल त्यांना? ताई. वही उघड बघू तुझी. पहिलाच मुद्दा वाच. आधी त्यांचं ऐकून घे… हं. आज संध्याकाळी सांग. चहा संपल्यावर.

… एक मिनिट.

… नाही, काही नाही. दाराशी चपला वाजल्या. थांब.

… तेच आहेत.

… हळू बोलतेय मी, तूही हळू बोल… काखेत फडकं आहे… नाही, माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे गेले… अगं, टेबलावर मी एकच चिठ्ठी ठेवलीय. पांढरी. लाल सगळ्या काढून टाकल्या सकाळीच… काय लिहिणार? ‘मास्तर, आधी कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगा.’ एवढंच. दहा वेळा लिहिली, नऊ फाडल्या.

… वाचतायत. चष्मा लावून वाचतायत… अजून वाचतायत. एवढी मोठी नाहीये गं ती.

… खिशात ठेवली. ताई, खिशात ठेवली, डब्यात घालायला नाही, वरच्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी…

काय हो मास्तर?… निळी पट्टी. त्यांना निळीच हवी आहे… आधी पट्ट्या? बरं. आधी पट्ट्या. आणि तुम्ही दोघी, मशीन जरा थांबवा. मला तुमच्या दोघींसमोर मास्तरांना एक सांगायचंय… नाही मास्तर, सांगू द्या. पडद्याची चूक माझी होती. चिठ्ठी मी टाचली होती. डोळे त्यांचे शाबूत आहेत, माझेच जाग्यावर नव्हते… झालं. एवढंच. चालवा मशीन.

… आहे गं, फोनवरच आहे. ऐकलंस ना सगळं?… मास्तर? खडू मागितला. दिला.

… फडकं सोडलं… हो, हातात घेतलीय…

ऐक. काही बोलू नकोस. फोन टेबलाजवळ धरते, ऐक नुसतं…

…

… आलं ऐकू? कापडात कशी चाललीय बघ, पाण्यातून होडी जावी तशी… हो. तीच. आईच्या वेळची.

आता ठेवते हं. पट्टीचं दुसरं टोक धरायला बोलवतायत.