आठवड्याची गोळी

– ‘आपुन रंग बघत बसलो, हात बघायचं ऱ्हायलं’ – असं यांच्या आत्याबाई सासूबाईंना म्हणाल्या, चुलीपाशी. मी मोरीत भांडी घासत होते – म्हणजे घासत कसली, बोटं गरम पाण्यात घालून बसले होते, सकाळी ती उघडतच नाहीत. राग कशाला येईल ताई, खरंच होतं ते – गाडी येईतोवर सांगते. चुडा भरताना कासारानं साबण लावला, तेल लावलं, शेवटी म्हणाला, पोरीचं हाड मोठं. हाड कसलं – सांधे सुजलेले. संधिवात. या वयात? मीपण डॉक्टरांना हेच विचारलं होतं.

आमच्या पासलीत याचा डॉक्टर कुठला – इथं वेल्ह्यात नाही, भोरला नाही, थेट पुण्यात. म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात सुई मारली, आणि आठ दिवस मी माणसात आले. नेमकी भाताची लावणी – खाचरात सगळ्यांच्या पुढं मी. तिथंच चुकलं माझं. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, सून न्हाई, मशीन हाय. नवव्या दिवशी कपबशी धरवेना, तर ती नाटकं. तेव्हापासून घरात एकच – आणा मारून सुई.

मग माहेरी जाते म्हणाले, शिवऱ्याहून आईला घेतलं आणि पुणं गाठलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुईनं दुखणं झोपतं, सांधे झिजायचे थांबत नाहीत. गोळी दिली – आठवड्यातून एकदाच, रक्त तपासत राहायचं – आणि गोळी चालू आहे तोवर दिवस राहता कामा नयेत. हे घरी कसं सांगू? सासूबाईंनी नातवासाठी नवस बोलून ठेवलेला. गोळ्या लपवल्या तांदळाच्या कणगीत – अक्कल बघा माझी, ज्या घरात दोन वेळा भात शिजतो तिथं.

काल सापडल्या. पाळणा लांबवायच्या गोळ्या हायत ह्या, म्हणाल्या सासूबाई. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आमचे हे – ते बघा, निळा शर्ट, गाडीची चौकशी करतायत – खाली मान घालून उभे. आज सकाळी मात्र पुण्याला रक्त तपासायला निघाले, तर पिशवी त्यांनीच उचलली.

गाडी लागली वाटतं. निघते हं. – सासूबाईंना काय म्हणाले मी? लग्नाला पाच महिने झाले, माझा आवाज त्यांनी कालच ऐकला असेल – म्हणाले, ‘लांबवतेच आहे पाळणा. लेकरू झाल्यावर ते उचलायला मला हात नकोत का?’