भुताच्या पायाला पट्टी

ऐका रे पोरांनो. आणि बायांनो, तुम्हीही सरका शेकोटीकडं. थंडी आहे, आणि गोष्टही गारच आहे!

तर दोन सरदार होते. चुलतभाऊ बरं का! एका गढीवरून जुंपली त्यांची. भाऊबंदकी ती, दुसरं काय? भांडले सरदार, पण डोकी फुटली गावोगावच्या पोरांची. एका घरातला थोरला या बाजूला, धाकटा त्या बाजूला. जखमी मात्र सगळे एकाच ठिकाणी, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात. तिथं आबा वैद्य एकटे. दिवेलागणीला आपल्या गावात त्यांचा निरोप आला. मलम संपलं, पट्ट्या संपल्या. रात्रीतून पोचवा, नाहीतर पोरं हाती लागायची नाहीत.

निघाला कोण? आपला कुशाबा न्हावी. जखम बांधायला हात असा हलका, की कापूस! पण तोंड? तोंडाला दारच नव्हतं! बायकोनं, भागूनं, घरोघरची जुनी धोतरं फाडून पट्ट्या गुंडाळल्या. मलमाची गाडगी, हळद, मीठ, सगळं बैलावर लादलं.

"अवं, खिंडीतनं जाऊ नगा. कुणी हाक मारली तर ओ देऊ नगा."

"मी कशाला बोलतोय?" कुशाबा म्हणाला, आणि वेशीपासूनच बैलाशी गप्पा सुरू!

पण नदीच्या वाटेनं गेलं तर दुपार होणार. पोरांचं काय? वळवला बैल खिंडीकडं. अंधार कसला? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असला!

"कुशाबाऽऽ!"

गप्प. आता गप्पच बसायचं.

"कुशाबाऽऽ, बैल लंगडतोय तुझा!"

"लंगडंल तुझा बाप! नव्या नाला हायत!" झालं! दिली ना ओ?

लगेच बैल थबकला. ओझं दुप्पट, चौपट! बैलाचे गुडघे टेकले. कुशाबानं मान वळवली, तर वाटेत एक शिपाई आडवा. कण्हतोय. "न्हावीदादा, माझा पाय बांध की."

आता जखमी बघून कुशाबा थांबायचा राहतोय होय? बसला. बांधायला लागला. घोटा झाला, पोटरी झाली, आणि पोटरी संपेना! पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी! पाय आपला लांबतोय, बाभळीखालून पार ओढ्यापर्यंत! गाठोड्यात पट्ट्या उरल्या दोन. देवळातल्या पोरांना काय बांधायचं? पट्टीचं टोक खोचायला हात परत पावलाशी गेला, तर बोटं मागं आणि टाच पुढं!

अरे देवा! पाय उलटे!

ओरडला का? नाही. गोड आवाजात म्हणाला, "अरं, चुकलं की माझं. जखम धुवायची ऱ्हायली. सोडतो, धुतो, मग झकास बांधतो."

"सोड, सोड," भूत म्हणालं.

सोडत गेला, गुंडाळत गेला. सगळ्या पट्ट्या परत बैलावर! आणि मग घेतलं मूठभर मीठ, आणि चोळलं जखमेवर!

"आई आई आई गंऽऽ!"

भुतालाही आई असते बरं का! खिंड दणाणली. भूत उभं राहिलं ते ताडाएवढं. बैलावरचं भुताचं ओझं उतरलं, बैल ताडकन उठला. कुशाबानं धरलं त्याचं शेपूट, आणि पळ! मागं दगड गडगडताहेत, मानेवर गार श्वास! टोपी गेली, एक गाडगं फुटलं, पण शेपूट सोडलं नाही. शिवेचा दगड ओलांडला तेव्हा भुताचं नख पाठीला लागलं, आणि तिथंच थांबलं. शीव नाही ओलांडता येत त्यांना.

उजाडायच्या आत देवळात पोचला. आबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोघं मिळून बसले बांधायला, आणि हात चालला की तोंड चाललंच. सगळी हकिकत सांगितली. एक पोरगा म्हणाला, "भूत कुणाच्या बाजूचं हुतं, काका? थोरल्या सरदाराच्या की धाकट्या?"

"इचारलं न्हाई बाबा. पण पाय उलटे हुते. निघायचं एकीकडं अन् पोचायचं भलतीकडं. तुमच्या सरदारांच्यातलंच कुणीतरी असंल!"

देऊळ हसलं! दोन्हीकडची पोरं हसली. "काका, पुरं, टाकं तुटत्यात!" म्हणत हसली. सगळी जगली बरं का त्यातली.

तर लेकरांनो, काही झालं तरी रात्री त्या खिंडीला जायचं नाही. भुताचा पाय अजून चुरचुरतोय म्हणे. आणि मीठ चोळणारा कुठल्या गावचा, ते त्याला पक्कं ठाऊक आहे.