अब्बांचं थ्रेशर लाल झालं

नाही, पण मला सांगा, थ्रेशर आमचं, धान आरमोरीचं, चुरायचं, म्हणजे मळायचं, आरमोरीच्याच खळ्यावर... मग ते टिकेल की नाही हे बंगळूरच्या कम्प्युटरनं काऊन सांगावं? आणि मीच त्याला विचारायला गेले, हे तर त्याहून वाईट!

तुम्हाला सांगते, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी अब्बांच्या वर्कशॉपमधलंच थ्रेशर घेतलं. अब्बांची पद्धत साधी, लोखंड कापा, वेल्डिंग मारा, कुठून तुटते ते तुटल्यावर कळते. आमचे सर म्हणाले, आता आधीच कळते, मोठा कम्प्युटर लागते पण विकत नाही घ्यायचा, तो दूर बंगळूरला असतो, आपण मशीनचं मापासकट चित्र पाठवून इथून भाड्यानं वापरायचा, क्लाउड म्हणतात. न पाहिलेल्या कम्प्युटरात अब्बांचं मशीन पाठवायचं? परत देईल का तो?

दिलं ना परत. रंगवून दिलं! सगळीकडे निळं-हिरवं आणि शाफ्टपाशी लालभडक. कम्प्युटर बंगळूरचा, जीव माझा!

घरी नेट नाही, म्हणून हे उघडलं जाहिदभाईंच्या कॅफेत. लाल पाहून मी दचकले, मी दचकले म्हणून लोक जमले, आणि जाहिदभाईंनी कौतुकानं रंगीत प्रिंट काढून दारावरच चिकटवली, नईमभाईच्या पोरीची इंजिनिअरिंग म्हणून. दुपारपर्यंत बाजारभर झालं, नईमभाईच्या थ्रेशरले ताप चढला. आणि देवाजीभाऊ, या हंगामातलं अब्बांचं एकुलतं एक गिऱ्हाईक, ते थेट वर्कशॉपात.

"नईमभाऊ, लाल हाये तिथूनच तुटन ते."

अहो, लाल म्हणजे तुटणार असं नाही! जोर सगळ्यात जास्त जिथं, तिथं तो लाल दाखवतो, मग तो जोर मुंगीएवढा का असेना. मी म्हटलं, वर्गात सगळ्यात उंच पोरगा असतोच ना, म्हणून काय त्याचं डोकं छताला लागते? पण ऐकते कोण. अब्बाच म्हणाले, "कम्प्युटर झूठ नाई बोलत, बेटा," आणि शाफ्टपाशी लोखंडाची जाड पट्टी मारली. पुन्हा क्लाउडवर पाठवलं. लाल सरकून पायापाशी. पायाला पट्टी. लाल झाकणावर! अब्बा पट्टी घेऊन लालच्या मागं, लाल पुढं, आणि मशीन इतकं जड झालं की ओढून न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं नुसतं पाहून नाही म्हणून मान हलवली... कम्प्युटर बंगळूरचा, जीव माझा!

मग मला अक्कल आली. कम्प्युटरातली रंगांची मोजपट्टीच बदलली. लोखंड खरंच तुटेल एवढा जोर आला तरच लाल, एरवी निळं. अब्बांना सगळ्या पट्ट्या काढायला लावल्या, पहिलंच मशीन पुन्हा पाठवलं, आणि आलं ना कोरंकरकरीत निळं! एवढासुद्धा लाल ठिपका नाही. रडूच आलं मला. प्रिंट घेऊन मी आणि अब्बा देवाजीभाऊंच्या खळ्यावर, तर त्यांनी ती उन्हात धरली, उलटी करून पाहिली.

"हे तं जोरच नाई लावून राह्यलं, बाई. धान काय निघन याच्यातून?"

आणि तुम्हाला सांगते, त्याच दिवशी त्यांनी दुसऱ्याचं थ्रेशर ठरवलं. गंजलेलं, एक चाक तारेनं बांधलेलं... पण त्याचं चित्रच कोणी काढलेलं नव्हतं ना!