सोळाव्या दिवसाची बिअर

हॅलो?... हां, बोल यारोमीर... तळघरात आहे, मोठ्याने बोल... नाही. नाही म्हणजे नाही, टाकी उघडणार नाही. आज सोळावाच दिवस आहे तिचा. बिअर मुरायला चाळीस लागतात, बाबांच्या हाताखाली तूही शिकलायस.

अरे, ऐक ना... प्रागच्या हॉटेलला शब्द तू दिलास. मला विचारलंस?... हो, कळतंय, एवढी मोठी ऑर्डर परत येणार नाही... हो, ती गेली तर आपली ब्रुअरी हिवाळा काढेल की नाही, तेही कळतंय. बहीण आहे मी तुझी, बिनडोक नाही.

काय?... लोकांना फरक कळत नाही? कुठल्या लोकांना रे? इथून वीस मिनिटांवर, प्लझेनमध्ये, पावणेदोनशे वर्षांपूर्वी भर चौकात छत्तीस पिंपं ओतून दिली होती लोकांनी. बिअर नासकी निघाली म्हणून. मग बव्हेरियातून माणूस आणला त्यांनी. मोड आणून फिकट भाजलेलं जवाचं माल्ट, इथलं हलकं पाणी, आणि गार तळघरात आठवडेच्या आठवडे गप ठेवायची. बाहेर आली ती पिवळीधमक, ग्लासातून आरपार दिसणारी. रेल्वे आली तशी व्हिएन्नाला गेली, पॅरिसला गेली, मग सगळं जग नक्कल करत बसलं... हो, इतिहास सांगतेय. त्यात घाई कुठे होती, दाखव मला.

थांब. वर हॉर्न वाजतोय... ट्रक पाठवलास? मला न सांगता? लाज नाही वाटली?

थांब, जिना चढतेय... हौश्का काका, इंजिन बंद करा. त्याच्याशीच बोलतेय. आधी हा घोट घ्या, आत्ताच टाकीच्या छोट्या नळातून चाखायला काढलीय... थुंका तिकडे, हरकत नाही. आता हा फोन घ्या आणि कशाची चव लागली ते सांगा त्याला.

...ऐकलंस? लोणी म्हणाले ना? न मुरलेल्या बिअरचीच चव ती. मी एक शब्द पढवला नव्हता. ट्रक चालवणारा माणूस, एका घोटात... मग तुझे ते लोक कोण, सांग आता.

ओरडू नकोस. हॉटेलला मीच फोन करते, चोवीस दिवसांनी या म्हणते. नाही आले तर थंडीत गावोगाव पिंपं घेऊन फिरू... हो, तूसुद्धा. अर्धी ब्रुअरी तुझी आहे ना?

नाही, काका गेले. रिकामेच गेले, फाटक लावलं मी... यारोमीर?... रडतोयस का रे?... ये घरी. लसणाचं सूप केलंय, पोटभर जेव. पण टाकीला हात लावायचा नाही. ठेवते.