देवाच्या मुठीचं गाडगं

निजामीत, लढाईच्या दिवसांत, लोहाऱ्याला रॉकेलच्या रांगेत मी बाळ कडेवर घेऊन उभी होते. पुढं दोघी होत्या, एकमेकींच्या चुलतबहिणी. थोरलीच्या पदराला तिची धाकटी पोर.

“आठ वर्सं आजीला म्या सांभाळलं, रूथ. आन् जाताना गाडगं दिलं तुला!”

“अक्का, मातीचं तर हाय.”

“देवाच्या मुठीचं हाय! रोज सैपाकाआधी आजी त्यात देवासाठी मूठभर जवारी टाकायची. ऐतवारी ते डोक्यावर घेऊन चर्चात शिरली की पाळकसाब उठून उभं राहायचं. आता तुझ्यासाठी राहतील.”

“जळतीस व्हय?”

“जळते! माझ्यात काय खोट दिसली तिला?”

“खोट न्हाय. म्हणली, थोरलीच्या घरात सहा लेकरं. तिची मूठ त्यांच्या तोंडातनं निघंल.”

“आन् तुझी?”

“म्हणली, तुझ्याकडं खाणारं हाय कोण?”

थोरली रांगेत एक पाऊल पुढं सरकली.

“गाडगं घेऊन जा, अक्का. आजच ने. पर ही पोर मला दे.”

थोरलीनं पोरीचा हात धरला आणि तिला ओढून आपल्या दुसऱ्या बाजूला उभं केलं.