श्वेताच्या नावापुढची लाल खूण

बाप्पा, मले कंप्यूटरची तारीफ नका सांगू. माह्या पोरीच्या शाळेनं असाच एक आणला होता. जुन्या पोरायची हजेरी अन् मार्क शिकून दहावीत कोण नापास होईल, ते परीक्षेच्या आधीच सांगे. एक दिवस मोठ्या मॅडमनं मले बोलावलं. स्क्रीनवर आमच्या श्वेताच्या नावापुढं लाल खूण.

"कावून जी? मार्क तर बरे हायेत तिचे."

"हर तीसरे हफ्ते लेट आती है. कंप्यूटर ने पकड़ लिया, बच्ची सीरियस नहीं है."

"मॅडम, त्या हप्त्यात माही नाईट शिफ्ट राहते. प्लांटातून सुटतो, खुर्सीपार वस्तीत घरी जातो, मंग तिले स्कूटरवर आणतो. उशीर माहा हाय, तिचा नाही."

"इसमें पापा की ड्यूटी का कॉलम नहीं है," मॅडम म्हणे.

अन् श्वेताचा फॉर्म शाळेतून नाही, बाहेरून प्रायव्हेट भराले लावला. म्हंजे ते नापास झाली तरी शाळेच्या निकालाले डाग नको.

पोरगी आधी रडली, मंग घरीच अभ्यास करून फर्स्ट डिव्हिजन पास झाली. मी मुद्दाम पेढे घेऊन शाळेत गेलो. म्हटलं, "मॅडम, तुमचा कंप्यूटर चुकला."

मॅडमनं पेढा तोंडात टाकला, स्क्रीनकडं पाहिलं.

"गलत कहाँ हुआ? हमारे स्कूल से तो पास नहीं हुई ना?"

अन् दुसरा पेढा उचलला.